मागच्या कमानीचे बुश : न दिसणाऱ्या कामाची अमानत

पावसाळा संपत आला की निजामपुऱ्यातील आमच्या गॅरेजच्या दारात एकाच तक्रारीच्या गाड्या येऊ लागतात. "भाई, मागून खडखड आवाज येतो, गाडी शेपूट हलवल्यासारखी चालते." गाडी बहुधा जुनी ओम्नी असते. आत सुताच्या कोनांची पोती किंवा कापडाचे तागे असतात. मालकाने अगोदर कुठेतरी शॉक-अॅब्सॉर्बर बदललेले असतात, कुणीतरी एक जादा पाटा चढवून दिलेला असतो, तरी आवाज गेलेला नसतो. गाडीखाली गेल्यावर दोष सापडतो तो कमानीच्या टोकाला असलेल्या रबराच्या एका लहानशा तुकड्यात, म्हणजे बुशात.

आपल्या समाजातील अनेक छोटे व्यापारी जुन्या गाडीवर धंदा करतात आणि अनेक तरुण गॅरेजमध्ये हे काम शिकतात. म्हणून या लेखात मागच्या कमानीचे बुश कसे झिजतात, ते कसे ओळखावे, कसे बदलावे आणि या कामात ग्राहकाची अमानत कशी सांभाळावी याचा आम्ही विचार करणार आहोत. गाडीमालकांनीही हा धडा वाचावा, कारण ज्याला काम समजते त्याला कोणी सहज फसवू शकत नाही.

बुश म्हणजे काय?

ओम्नी ही गाडी 1984 साली 'मारुती व्हॅन' या नावाने बाजारात आली आणि 2019 साली तिचे उत्पादन बंद झाले. इंजिन पुढच्या सीटखाली, ओढ मागच्या चाकांना आणि मागचा धुरा दोन्ही बाजूंच्या पाट्यांच्या कमानींवर बसवलेला, अशी तिची साधी रचना आहे. प्रीमियर पद्मिनी आणि अॅम्बॅसॅडर या गाड्यांनाही मागे पाट्यांचीच कमान होती. पद्मिनीचे उत्पादन 2000 सालाच्या सुमारास व अॅम्बॅसॅडरचे 2014 साली थांबले. म्हणजे या तिन्ही गाड्या आज जुन्याच आहेत आणि त्यांचे रबरही जुने आहे.

कमानीचा सर्वांत लांब पाटा दोन्ही टोकांना गुंडाळून गोल डोळ्यासारखा केलेला असतो. पुढचा डोळा एका बोल्टने गाडीच्या बॉडीला जोडलेला असतो आणि तो जागेवरून हलत नाही. मागचा डोळा मात्र शॅकल नावाच्या दोन पट्ट्यांच्या झोक्यावर टांगलेला असतो. याचे कारण सोपे आहे. कमानीवर वजन पडले की ती सपाट होते आणि सपाट झाली की तिची लांबी वाढते. वाढलेल्या लांबीला जागा मिळावी म्हणून मागचे टोक झुलते ठेवले आहे. या प्रत्येक सांध्यात लोखंडावर लोखंड घासू नये यासाठी मध्ये रबराचे बुश बसवतात.

येथे एक गोष्ट शिकाऊ कारागिरांनी पक्की लक्षात ठेवावी. रबरी बुश हा बेअरिंगसारखा फिरत नसतो. त्याचे बाहेरचे अंग डोळ्याला आणि आतले अंग बोल्टला घट्ट धरून असते, आणि कमान हलली की मधले रबर पीळ खाते व पुन्हा मूळ स्थितीत येते. घसरणे हे त्याचे काम नाही, पीळ खाणे हे त्याचे काम आहे. पुढे येणारे सगळे नियम या एका वाक्यातून निघतात.

दुसरी गोष्ट अशी की ओम्नीमध्ये ओढ मागच्या चाकांना आहे. चाक गाडीला पुढे ढकलते तेव्हा तो सगळा रेटा कमानीच्या पुढच्या डोळ्यातील बुशातून बॉडीपर्यंत पोहोचतो. ब्रेक मारला की तोच रेटा उलट दिशेने जातो. म्हणजे पुढचा बुश फक्त वजन पेलत नाही, तो धुऱ्याला सरळ धरून ठेवतो. हा बुश एका बाजूने झिजला तर धुरा थोडा तिरका होतो आणि चालक स्टिअरिंग सरळ धरून असला तरी गाडी मागून वळू पाहते. कल्याण नाक्याच्या गर्दीत हे फारसे जाणवत नाही. पण मुंबई-आग्रा रस्त्यावर ट्रकच्या शेजारून जाताना गाडीने अचानक शेपूट टाकली तर काय होईल, हे सांगण्याची गरज नाही.

मागावरचा पिकर आणि गाडीचा बुश

भिवंडीच्या माणसाला हे समजावण्यासाठी लांब जावे लागत नाही. साध्या यंत्रमागावर शटलचा प्रत्येक ठोका पिकर खातो. पिकर ही किरकोळ वस्तू आहे, पण तो झिजला तर शटल वेडेवाकडे जाते, ताणे तोडते, कधी उडून बाहेरही येते. म्हणून जाणता लूमवाला पिकर वेळेवर बदलतो. गाडीचा बुश म्हणजे गाडीचा पिकर होय. तो मार खातो म्हणून महाग भाग वाचतात. तो संपला की मार पुढे सरकतो. प्रथम बोल्ट झिजतो, मग पाट्याचा डोळा लांबट होतो, मग बॉडीला वेल्ड केलेला हँगर फाटतो. बुशाचा खर्च थोडक्यात भागतो. हँगर फाटल्यावर मात्र पत्रा कापून वेल्डिंग करावे लागते आणि गाडी अनेक दिवस उभी राहते. धंद्याची गाडी उभी राहिली की रोजी थांबते.

दोष कसा ओळखावा?

बुश झिजल्याच्या खुणा पुढीलप्रमाणे आहेत.

1) खड्ड्यातून किंवा गतिरोधकावरून जाताना मागून कोरडा 'ठक' आवाज येणे.

2) गाडी निघताना एकदा आणि ब्रेक मारताना एकदा 'ठक' होणे. धुरा मागे-पुढे सरकत असल्याची ही खूण आहे.

3) वेगात किंचित स्टिअरिंग फिरवल्यावर गाडीचे मागचे अंग उशिरा व झटक्याने वळणे.

4) मागच्या टायरची झीज दोन बाजूंना वेगवेगळी असणे.

5) डोळ्याभोवती लाल गंजाची भुकटी दिसणे, रबर बाहेर फुगलेले, फाटलेले किंवा चपटे झालेले असणे, शॅकलची पट्टी एका बाजूला घासलेली असणे.

मात्र आवाज ऐकला की लगेच बुशावर आरोप ठेवू नये. निघताना होणारा 'ठक' प्रोपेलर शाफ्टच्या झिजलेल्या क्रॉसमुळेही येतो. इंजिन बंद करून, चाकांना ओट लावून, गाडीखाली जाऊन शाफ्ट हाताने दोन्ही दिशांना फिरवावा. क्रॉसच्या सांध्यातच हालचाल दिसली तर दोष तेथे आहे. शॉक-अॅब्सॉर्बरचे रबर, सैल यू-बोल्ट आणि बॉडीला आपटणारा सायलेन्सर हेही असाच आवाज करतात. प्रत्येकाला हात लावून पाहावे.

बुशाची खरी परीक्षा अशी आहे. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा. एका साथीदाराने गाडी पुढे-मागे हलवावी आणि आपण बाजूने पुढच्या डोळ्याकडे पाहावे. बोल्ट आणि डोळा यांच्यात उघडी हालचाल दिसली तर बुश संपला. नंतर डोळा आणि हँगर यांच्यामध्ये टॉमी घालून हलकेच उचकावे. चांगले रबर थोडे दबते आणि परत येते. संपलेले रबर खटकन सरकते.

एक मापही घ्यावे. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर, चाके सरळ ठेवून, दोन्ही बाजूंना टेपने मोजावे. दोन्हीत ठळक फरक असेल तर धुरा सरकला आहे. त्याचे कारण बुश असू शकते किंवा कमानीचा मधला सेंटर बोल्ट तुटलेला असू शकतो. सेंटर बोल्ट न तपासता बुश बदलला तर मेहनत वाया जाते.

माल कसा निवडावा?

बुश घेताना जुना नमुना सोबत न्यावा. काही कमानींत आत लोखंडी नळी असलेला एकसंध बुश असतो, तर काहींत दोन्ही बाजूंनी बसणारे टोपीसारखे दोन अर्धे भाग असतात. जे निघाले तेच घ्यावे, 'हे पण चालेल' या शब्दावर विश्वास ठेवू नये.

अंगठ्याच्या नखाने रबर दाबून पाहावे. चांगले रबर लगेच वर येते, नखाची खूण राहत नाही. एकसंध बुशात रबर आतल्या नळीला सर्व बाजूंनी चिकटलेले असावे, कोठेही फट दिसू नये. भुसभुशीत, कडा सुटणारे रबर परत करावे. शक्यतो पक्के बिल घ्यावे.

आपल्या शहरात लूमचे सुटे भाग बनवणारे लेथवाले पुष्कळ आहेत आणि काहीजण नायलॉनचा बुश कातून देतात. तो झिजत नाही, हे खरे. पण तो पीळही खात नाही आणि मारही खात नाही. सगळा धक्का सरळ हँगरला जातो. मागावर नायलॉन चालते म्हणून कमानीत चालेल असे नाही. पॉलियुरेथेनचे तयार बुश मिळतात. ते रबरापेक्षा कडक असून जास्त टिकतात, पण धक्का व आवाज जास्त पोहोचवतात आणि त्यांना त्यांचेच ग्रीस लागते. माल वाहणाऱ्या साध्या गाडीला चांगले रबर पुरेसे आहे, असे आमचे मत आहे.

दोन्ही बाजूंचे सर्व बुश एकदम बदलावेत. एक बाजू नवी आणि एक जुनी ठेवली तर गाडी एका अंगाला झुकते आणि आठ दिवसांत ग्राहक परत येतो.

काम करण्याची रीत

1) कामाच्या आदल्या रात्री सर्व बोल्ट तारेच्या ब्रशने साफ करून त्यांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. सकाळी अर्धे काम हलके झालेले असते.

2) गाडी रिकामी करून पक्क्या, सपाट जमिनीवर उभी करावी. उचलण्यापूर्वी मागच्या चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची दोन्ही बाजूंना मोजून वहीत लिहावी. हे माप शेवटी कामास येते.

3) पुढच्या दोन्ही चाकांना पुढून व मागून ओट लावावेत. येथे चूक करू नये. ओम्नीचा हँडब्रेक मागच्या चाकांवर आणि गिअरची पकडही मागच्याच चाकांवर आहे. मागची चाके हवेत गेली की हँडब्रेक आणि गिअर दोन्ही निकामी होतात. मग गाडीला धरून ठेवणारे फक्त ओटच असतात.

4) चाकांचे नट जमिनीवरच थोडे सैल करावेत. धुऱ्याखाली जॅक लावून गाडी उचलावी आणि कमानीच्या पुढच्या हँगरच्या थोडे पुढे, बॉडीच्या मजबूत भागाखाली दोन घोड्या लावाव्यात. गाडी हलवून ती घट्ट बसली आहे याची खात्री करावी. केवळ जॅकवर किंवा विटांच्या चळतीवर टेकलेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. काढलेली चाके बॉडीखाली आडवी सरकवून ठेवावीत. घोडी घसरलीच तर ती जीव वाचवतात.

5) जॅक धुऱ्याखाली तसाच ठेवावा. एका वेळी एकच बाजू सोडवावी म्हणजे दुसरी बाजू धुरा जागेवर धरून ठेवते.

6) शॉक-अॅब्सॉर्बरचा खालचा बोल्ट काढावा. धुरा खाली घेताना ब्रेकचा रबरी पाइप आणि हँडब्रेकची केबल ताणली जात नाही ना, हे पाहत राहावे.

7) जॅक थोडा वर-खाली करून कमानीवरचा ताण काढून टाकावा. बोल्ट हाताने फिरू लागला की ताण निघाला असे समजावे. आता शॅकलचे नट काढून पट्ट्या सोडवाव्यात आणि मागचा डोळा खाली घ्यावा. बॉडीच्या बाजूलाही शॅकलचे बुश असतात, ते विसरू नयेत.

8) पुढचा बोल्ट बहुधा बुशाच्या नळीत गंजून अडकलेला असतो. आट्यांवर सरळ हातोडा मारू नये. नट टोकाला समपातळीत फिरवून, मध्ये पितळेचा तुकडा ठेवून ठोकावे. तरीही न निघाल्यास हॅक्सॉने नळीसकट कापावा आणि नवा बोल्ट घालावा.

9) जुना बुश गॅसच्या ज्योतीने जाळून काढण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. ती सोडावी. पेट्रोलची टाकी व पाइप जवळ असतात, जळत्या रबराचा धूर फुप्फुसात जातो आणि पाट्याच्या पोलादाचे पाणी उतरते. त्याऐवजी एक लांब आट्यांचा बोल्ट, बुशापेक्षा किंचित लहान गोटी एका बाजूला आणि डोळ्यापेक्षा मोठी गोटी दुसऱ्या बाजूला लावून नट आवळत जावे. बुश सावकाश बाहेर येतो. नवा बुशही याच युक्तीने आत बसवता येतो.

10) डोळा आतून साफ करून पाहावा. तो लांबट झाला असेल, मुख्य पाट्याला तडा असेल किंवा हँगरचा पत्रा कुजला असेल तर त्याच वेळी ग्राहकाला बोलावून दाखवावे. बोल्टवर नखाला लागेल एवढी पायरी पडली असेल तर बोल्ट बदलावा. झिजलेल्या बोल्टवर नवा बुश फार दिवस टिकत नाही.

11) नवा बुश घालताना साबणाचे पाणी लावावे. इंजिन ऑइल, ग्रीस किंवा डिझेल लावू नये. खनिज तेलाने रबर फुगते, मऊ पडते आणि लवकर फाटते. साबणाचे पाणी सुकून जाते व रबर पकड घेते. बुश दोन्ही बाजूंनी सारखा बाहेर दिसला पाहिजे.

12) सर्व बोल्ट जागेवर घालून नट फक्त हाताने लावावेत, आवळू नयेत. मग दुसरी बाजू याच रीतीने करावी. शॉक-अॅब्सॉर्बर जोडावेत, चाके लावावीत आणि गाडी जमिनीवर उतरवावी.

13) गाडी मागून चार-पाच वेळा दाबून सोडावी, थोडी पुढे-मागे ढकलावी आणि वहीतील उंचीशी माप ताडून पाहावे. गाडी आपल्या वजनावर चाकांवर उभी असतानाच सर्व बोल्ट कंपनीच्या पुस्तकातील टॉर्कप्रमाणे आवळावेत.

14) चक्कर मारून ब्रेक तपासावा. साधारण 500 किलोमीटर चालल्यावर गाडी पुन्हा बोलावून शॅकलचे नट आणि यू-बोल्ट तपासावेत.

आमची एक चूक

तेराव्या क्रमांकाची बाब आम्ही पुस्तकातून शिकलो नाही, नुकसानीतून शिकलो. सुरुवातीच्या काळात एका कापड व्यापाऱ्याची ओम्नी आमच्याकडे आली होती. जुम्याचा दिवस होता, नमाजची वेळ जवळ आली होती. आम्ही चारही टोकांचे बुश नीट बसवले आणि गाडी घोडीवर असतानाच, चाके लोंबकळत असतानाच, सगळे बोल्ट पूर्ण ताकदीने आवळून टाकले. आवाज गेला, ग्राहक खूश झाला, मजुरी मिळाली.

तीन महिन्यांनी तोच ग्राहक तोच आवाज घेऊन परत आला. तो रागावला नाही. "उस्ताद, माल खराब निघाला वाटतं," एवढेच म्हणाला. आम्हीही क्षणभर मनात म्हटले की हेच कारण बरे आहे, दोष दुकानदारावर जातो आणि आपण मोकळे. पण बुश बाहेर काढल्यावर दिसले की रबर चांगले होते, ते आतल्या नळीपासून सर्व बाजूंनी पिळवटून फाटले होते. चाके लोंबकळताना कमान जास्त वाकलेली असते. त्या स्थितीत बोल्ट आवळला की रबर तेथेच पकडले जाते. मग गाडी जमिनीवर येताच ते कायमचे पिळलेले राहते आणि प्रत्येक खड्ड्यात आणखी पिळते. खड्डा नसला तरी त्याला विश्रांती मिळत नाही.

आमच्याकडे एक शागिर्द होता. त्याने हळूच विचारले, "उस्ताद, सेठना काय सांगायचं?" त्या मुलाच्या प्रश्नाने आम्हाला जागे केले. खोटे बोललो असतो तर त्या दिवशी तो बुश बसवण्याबरोबर खोटे बोलणेही शिकला असता. आम्ही ग्राहकाला गाडीखाली बोलावले, फाटलेला बुश हातात दिला आणि सांगितले की चूक मालाची नाही, आमची आहे. नवे बुश आमच्या पैशांनी आणले आणि मजुरी घेतली नाही. त्या आठवड्याची कमाई गेली. परंतु तो ग्राहक आजही आमच्याकडे येतो आणि त्याच्या भावांच्या गाड्याही आमच्याकडे येतात. शागिर्द आता स्वतःचे काम करतो आणि तोही बोल्ट चाकांवरच आवळतो.

न दिसणारा दोष

आमच्या धंद्यात एक वाईट युक्ती आहे, ती उघडपणे सांगितली पाहिजे. बुश वाजत असेल तर त्यावर जळालेले इंजिन ऑइल सोडायचे किंवा टायरच्या ट्यूबचा तुकडा कोंबायचा. आवाज आठ-दहा दिवस बंद होतो. कोणी याचे पैसे घेतो, तर कोणी गाडी विकण्याच्या आदल्या दिवशी हे करून घेतो. घेणारा चक्कर मारतो, गाडी शांत असते, सौदा होतो. मग तोच माणूस आपल्या मुलाबाळांना घेऊन कसारा घाटात जातो.

हजरत मुहम्मद (स.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या एका राशीत हात घातला आणि आतून ओल लागली, हा प्रसंग आपण सर्वांनी ऐकलेला आहे. ओला माल वर ठेवायला हवा होता, म्हणजे घेणाऱ्याला तो दिसला असता, अशी शिकवण त्यातून मिळते. गाडीखालचा फाटलेला बुश ही राशीतली ओलच आहे. गाडी विकताना दोष सांगून किंमत कमी घ्यावी. त्यात तोटा दिसतो, पण तोटा नसतो.

म्हणून कारागीर बंधूंना आमच्या चार सूचना आहेत. काम हाती घेण्यापूर्वी माल व मजुरी वेगवेगळी लिहून द्यावी. काढलेले जुने बुश व बोल्ट पिशवीत घालून ग्राहकाला परत द्यावेत, त्याने ते फेकले तरी चालेल. ज्या भागाला दोष नाही तो बदलू नये. आणि गाडीच्या चिठ्ठीवर तारीख व किलोमीटर लिहावेत, म्हणजे पुढे वाद होत नाही.

गाडीमालकांसाठी

आरसीवर लिहिलेल्या वजनापेक्षा जास्त माल भरू नये. पाटा चढवल्याने गाडी उंच दिसते, पण बुश, हँगर आणि धुरा यांची ताकद त्याने वाढत नाही. उलट कमान कडक झाल्याने धक्का जास्त बसतो. पावसाळ्यात पाण्यातून गाडी गेली असेल तर पावसाळा संपताच खालचा भाग धुऊन तपासून घ्यावा. चिखल शॅकलमध्ये साठून राहतो व गंज धरतो. खासगी गाडीला 15 वर्षे झाली की तपासणी करून पुढील 5 वर्षांसाठी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. त्या तपासणीच्या आठवडाभर अगोदर धावपळ करण्यापेक्षा दरवर्षी एकदा गाडीखाली पाहिलेले बरे.

ज्यांच्याकडे अल्टोसारखी गाडी आहे त्यांच्या मागे पाटे नसून कॉइल स्प्रिंग व तीन दांड्यांची रचना असते. त्या दांड्यांच्या टोकांनाही रबरी बुश असतात. तेथे रीत थोडी बदलते, पण मुख्य नियम तेच राहतात : ओट पक्के, घोडी पक्की, रबराला तेल नाही आणि बोल्ट आवळायचा तो चाके जमिनीवर असताना.

हे काम शांतपणे केल्यास एका माणसाला बहुधा एक दिवस पुरतो. हत्यारे साधी आहेत, कौशल्य शिकता येते. शाळा सुटलेली अनेक मुले आज काम शोधत फिरतात. त्यांच्यापैकी दोघांना जरी प्रत्येक उस्तादाने हाताखाली घेऊन असे एकेक काम नीट शिकवले, तर त्यांची घरे उभी राहतील. मात्र शिकवताना हात आणि नियत दोन्ही शिकवावेत. गाडीखाली अंधार असतो, ग्राहक तेथे पाहू शकत नाही. पाहणारा मात्र पाहत असतो.

अल्लाह आपल्या सर्वांना हलाल रोजी आणि तीत बरकत देवो. आमीन.